कशाला भ्यायचं, कशाला नाही

पावसाळ्यात मी आईबाप आणि मुलांचे छोटे गट घेऊन आगुंब्याला जाते. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात, घाटमाथ्याच्या अगदी कडेला वसलेलं हे खेडं. निघायच्या आधी घराघरांतून फोन येतात. पहिला प्रश्न सापांचा, दुसरा जळवांचा, तिसरा मोबाइलच्या रेंजचा. ओढा कुठून ओलांडणार, पोर दिवसभर ओलं राहिलं तर काय करायचं, जवळचा दवाखाना किती लांब, हे क्वचितच कोणी विचारतं. माझं निम्मं काम या फोनवर होतं. माणूस भीती घेऊन जंगलात आला तर माझी काही तक्रार नसते. बिनधास्त माणूसच मला गटात नको असतो. पण भीती भलत्याच गोष्टीला चिकटलेली असली, की माणूस खऱ्या धोक्याकडे पाठ करून उभा राहतो. ती सोडवून योग्य जागी नेऊन लावायची, हेच माझं काम आहे असं मी मानते.

एका वर्षी 15 ऑगस्टला जोडून सुट्टी आली होती, तेव्हा चिपळूणहून एका वडिलांचा फोन आला. साप नाही, जळू नाही, काहीच विचारलं नाही. म्हणाले, "ताई, मुलगी पाचवीत आहे. पाऊस वाढला की घाबरते, कोपऱ्यात बसून राहते. म्हटलं, सगळ्यात जास्त पाऊस पडतो तिथेच एकदा नेऊन आणू. भीती मोडली पाहिजे." बाजारपेठेत त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आणि वर घर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही मुलगी नुकती पहिलीत गेली होती. घरातल्या जिन्याची एकेक पायरी पाण्याखाली जाताना तिनं वरून पाहिली होती.

मी म्हटलं, "भीती मोडायला मी कुणाला नेत नाही. तिलाच विचारा. ती हो म्हणाली तर या."

दोन दिवसांनी फोन आला तो तिचा. "मावशी, तिथे नदी आहे का?" आहे, मी म्हटलं. सीता नदी तिथेच उगम पावते आणि घाट उतरून अरबी समुद्राला जाते. माथ्यावरचं बाकीचं पाणी तुंगेकडे, पूर्वेला जातं. आपल्या वाटेत ओढेही आहेत. "मग तुम्ही ते कुठून ओलांडता? आणि पाणी वाढलं तर?" मोठ्यांच्या तोंडून ज्या प्रश्नाची मी वाट बघत असते, तो दहा वर्षांच्या मुलीनं विचारला होता. मी तिला सगळं खरं सांगितलं. पाणी वाढलं तर ओलांडत नाही. थांबतो, नाहीतर लांबच्या वाटेनं पुलावरून येतो. जरा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "येते."

कोकण रेल्वेनं उडुपी, तिथून हेब्रीवरून सोमेश्वरचा घाट. घाट चढताना ढग खिडकीतून आत येतात. समुद्रावरून आलेलं बाष्प साडेसहाशे मीटरच्या या कड्यापाशी एकदम वर उचललं जातं, थंड होतं आणि इथेच बरसतं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्याही वर, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दहापट. हे सांगितल्यावर मुलं सहसा "बापरे" म्हणतात. चिपळूणची मुलगी म्हणाली, "मग इथे पूर का येत नाही?"

वाटाडे अण्णा हसले. मला हसू आलं नाही, कारण हा प्रश्न तिच्या घरचा होता. घाटमाथ्यावर पाणी साठायला जागाच नाही, ते दोन्ही बाजूंना उतरून जातं; जमतं ते खाली. चिपळूण घाटाच्या पायथ्याशी, वाशिष्ठी आणि शिव नदीच्या काठाला. वरून डोंगराचं पाणी, त्यात कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी, नदीच्या पात्रात साचलेला गाळ आणि खालून खाडीची भरती. सगळं एका वेळी आलं की पाण्याला जायला वाट उरत नाही. जंगलाची माती पाणी पिते, पाचोळा त्याचा वेग मोडतो, मुळं माती धरून ठेवतात, हेही तिला सांगितलं. पण जंगल असलं की पूर कधीच येणार नाही, असं मी सांगितलं नाही. त्या जुलैत पडला तसा पाऊस पडला तर जंगलही पुरं पडत नाही. मुलांना निसर्गाची खोटी हमी देऊ नये. पुढच्या पावसाळ्यात ती उघडी पडते, आणि मग मूल आपल्यावरही विश्वास ठेवत नाही आणि जंगलावरही.

पहिल्या दिवशी जंगलात शिरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, पण उजेड संध्याकाळचा होता. सदाहरित वनात वरच्या छतावर पडणाऱ्या उजेडापैकी शेकडा एक-दोन भागच जमिनीपर्यंत पोचतो. आत शिरल्यावर पावसाचे थेंब अंगावर थेट पडत नाहीत. ते पानांवरून, फांद्यांवरून, बुंध्यांवरून उतरत येतात, आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ येत राहतात. इथल्या कितीतरी झाडांच्या पानांना लांब निमुळतं टोक असतं. पाणी त्या टोकावरून निथळून जातं, पान लवकर कोरडं होतं, शेवाळ धरत नाही. गटातली मुलं पानं उलटीपालटी करून टोकं तपासू लागली. मग कोणीतरी गुडघ्याएवढं एक रोप दाखवून विचारलं, हे या वर्षी उगवलंय का? कदाचित तुझ्याहून मोठं असेल, मी म्हटलं. सावलीतली ही रोपं वर्षानुवर्षं जवळजवळ न वाढता उभी असतात. एखादं म्हातारं झाड कोसळलं, छताला भोक पडलं आणि उजेडाचा एक पट्टा खाली आला, की त्यांची शर्यत सुरू होते.

जळवा लागल्याच. दोन किंकाळ्या आल्या, दोन्ही मोठ्यांच्या. आपली चाहूल, अंगाची ऊब, श्वास हे सगळं जळूला कळतं आणि ती पाचोळ्यातून उभी राहून वळवळत शोधू लागते. तिचा चावा कळत नाही. रक्त गोठू न देणारं द्रव्य ती सोडते, म्हणून ती गळून पडल्यावरही थोडा वेळ रक्त वाहत राहतं. दिसायला भयंकर, पण दुखणं जवळजवळ शून्य. ओढून काढू नये, नखाच्या कडेनं हळूच सोडवावी. मुलांना हे एकदा दाखवलं की ती एकमेकांच्या पायावरच्या जळवा काढण्यात रमतात.

त्याच वेळी मी गोचिडीबद्दलही सांगते, आणि तेव्हा आवाज जरा चढवते. 1957 मध्ये याच शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. तोच हा माकडताप. गोचिडीतून येणारा हा आजार माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि आता तो आपल्यापासून लांबही राहिलेला नाही. गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात तो पोचला. त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत असतो. म्हणूनच मी मुलांना भर पावसात आणते, कोरड्या महिन्यांत नाही. जळू दिसते, रक्त दिसतं, म्हणून सगळे किंचाळतात. गोचिडीचं पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढं असतं. त्याच्यासाठी कोणी किंचाळत नाही.

सापांचंही असंच. आगुंब्याची ख्याती नागराजाची, म्हणजे किंग कोब्राची. रॉम्युलस व्हिटेकर यांनी 2005 मध्ये इथे वर्षावन संशोधन केंद्र उभं केलं ते प्रामुख्याने याच सापासाठी, आणि पुढे तिथल्या संशोधकांनी नागराजांच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून ते कुठे हिंडतात याचा माग काढला. पश्चिम घाटातला नागराज ही वेगळी जात आहे हे 2024 मध्ये ठरलं आणि तिला त्याच्या कन्नड नावावरून 'काळिंगा' हे नाव मिळालं. बारा-तेरा फुटांचा हा साप मुख्यतः दुसरे साप खातो आणि माणसाला टाळतो. या गावातले लोक त्याला मारत नाहीत; घरात शिरला तर पकडून जंगलात सोडायला माणूस बोलावतात.

मला काळजी असते ती पाचोळ्यातल्या एका छोट्या चापड्याची. फूट-सव्वा फुटाचा, रंगानं हुबेहूब कुजक्या पानाचा, नाकाचं टोक वर वळलेलं. तो पळत नाही, पानांत पडून राहतो, आणि पाय पडला की चावतो. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनते. या चापड्याच्या विषावर ती चालत नाही, नागराजाच्याही नाही. म्हणून माझे नियम साधे आहेत: गमबूट, हातात काठी, आडवं पडलेलं लाकूड थेट ओलांडायचं नाही, आधी त्यावर उभं राहून पलीकडे बघायचं, आणि अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय एक पाऊलही नाही.

चिपळूणचे ते गृहस्थ यातला एकेक नियम मोडत होते. अवखळपणे नव्हे, सवयीनं. "काही होत नाही" हे त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. लाकूड आलं की टांग टाकून पलीकडे, आणि मग मुलीला हात. ती मात्र लाकडावर उभी राहायची, पलीकडे नीट बघायची आणि मगच उतरायची. दुपारपर्यंत ती वडिलांच्या पुढे चालू लागली होती. "बाबा, थांबा. आधी बघा."

रात्री टॉर्च घेऊन मुक्कामाजवळच्या डबक्यापाशी गेलो. मलबारच्या उडत्या बेडकाची फेसाची घरटी पाण्यावर लवलेल्या पानांना चिकटलेली होती. अंडी त्या फेसात सुरक्षित राहतात, आणि पिल्लं बाहेर आली की खालच्या पाण्यात टपकतात. मुलं श्वास रोखून बघत होती. तिनं विचारलं, "डबकं आटलं तर?" आटलं तर पिल्लं मरतात. "मग बेडकीला आधी कळतं का, कुठलं डबकं टिकेल ते?" कळो न कळो, जिनं चुकीचं डबकं निवडलं तिची पिल्लं उरत नाहीत. तिनं यावर बराच वेळ विचार केलेला दिसला, कारण जेवताना पुन्हा तोच विषय निघाला.

मध्यरात्रीनंतर पावसानं जोर धरला. कौलांवर इतका आवाज, की शेजारी बोललेलं ऐकू येईना. मी उठून पडवीत आले तर बाप-लेक दोघंही तिथेच. ते टॉर्च मारून अंगणातलं पाणी बघत होते, आणि ती खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मला पाहिलं आणि टॉर्च बंद केली. "झोप लागेना," म्हणाले, आणि आत गेले. ती थोडा वेळ थांबली.

"बाबा घरी पण उठतात," ती म्हणाली. "पाऊस लागला की खाली जाऊन दुकानात बघून येतात. ते उठले की मला जाग येते."

ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती मुलीनं माझ्याजवळ सांगितलेली होती. पण त्या रात्रीपासून त्यांचं "काही होत नाही" मला वेगळं ऐकू यायला लागलं. दिवसभर ते जे बोलत होते, ते बहुधा स्वतःलाच समजावत होते. दुकानातला सगळा माल चिखलात गेलेला माणूस पुढची चार वर्षं दर पावसाळ्यात टॉर्च घेऊन जिना उतरतो, आणि दिवसा मुलीला म्हणतो की घाबरण्यासारखं काही नाही. मुलांना शब्दांहून जिन्यावरची पावलं लवकर कळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडून पलीकडच्या रानात गेलो. पाणी घोट्याच्या थोडं वर, स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. ओलांडण्याआधी मी मुलांना पाण्याची भाषा शिकवते. पाण्याचा रंग बघा. वर कुठे पाऊस झाला की आधी गढूळपणा येतो. वाहून येणारी पानं बघा. पिवळी, कुजकी असतील तर ठीक, पण हिरवी पानं आणि ताज्या काटक्या येऊ लागल्या की वर काहीतरी तुटतंय. आवाज ऐका, खळखळ थांबून घुमल्यासारखा आवाज आला तर दगड बुडाले आहेत. आणि एक खूण ठरवा. प्रत्येक मुलानं आपापला दगड निवडला. तिनं निवडला तो काठापासून हातभर आत, पांढरी रेघ असलेला.

परत येताना दोन वाजले होते. आमच्या इथे रिमझिमच होती. ओढ्याच्या काठाला आलो, आणि अण्णांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पण आमच्या दोघांच्या आधी ती बोलली, "माझा दगड नाही."

पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि गुडघ्यापर्यंत चढलेलं. गटातल्या मोठ्यांची कुजबुज सुरू झाली. समोर दिसत होती ती वाट, पलीकडे वीस मिनिटांवर मुक्काम, गरम जेवण. तिचे बाबा म्हणाले, "गुडघाभर तर आहे. मी एकेकाला खांद्यावर घेऊन सोडतो. काही होत नाही."

मी नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं, कारण नुसतं नाही म्हटल्यानं माणसं ऐकत नाहीत. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं. खांद्यावर मूल असलं की तोल वर जातो, हात मोकळे राहत नाहीत, आणि पडलात तर दोघं पडता. त्यातून तळ आता दिसत नाही. ते गप्प झाले. मुलीनं त्यांचा हात धरला नाही, रडलीही नाही. ती पाण्याकडे बघत होती आणि मोठ्यानं मोजत होती, किती हिरवी पानं गेली ते.

आम्ही डांबरी रस्त्याच्या पुलावरून फिरून आलो. हा शहाणपणाचा निर्णय होता, पण त्यालाही किंमत होती. आडवाट, चढ, आणि एव्हाना खरोखर कोसळू लागलेला पाऊस. तापमान वीसच्या आसपास असलं तरी ओल्या कपड्यात वारा लागला की मुलांच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा फार लवकर जाते. पोर कुरकुर करतं, दात वाजवतं, तोवर ठीक. ते बोलायचं थांबलं आणि ठेचकाळायला लागलं की ताबडतोब थांबायचं. गटातला सगळ्यात लहान मुलगा असाच गप्प झाला. मी प्रत्येकाला प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी बनियन आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवायला लावते, ती याच वेळेसाठी. ताडपत्रीच्या आडोशाला त्याचे कपडे बदलले, चिक्की खाऊ घातली. पुढची सगळी चढण चिपळूणच्या बाबांनी त्याला रेनकोटच्या आत छातीशी धरून पार केली. वाटेत पुन्हा एक आडवं लाकूड आलं. ते त्यावर चढून उभे राहिले, पलीकडे पाहिलं, मग उतरले.

संध्याकाळी मुक्कामी चुलीभोवती सगळ्यांचे पाय शेकत असताना त्यांनी मला विचारलं, "ताई, पाणी वाढतंय हे किती वेळ आधी कळू शकतं?" मुलीसमोर विचारलं. मग आम्ही तिघं बसलो. ओढ्याला मिनिटं मिळतात, नदीला तास मिळू शकतात. वर कुठे किती पाऊस झाला, भरतीची वेळ कोणती, इशाऱ्याची पातळी म्हणजे काय, हे सगळं आधी कळू शकतं आणि घरात लिहून भिंतीवर लावता येतं. मुलगी म्हणाली, "रात्री मी बघते, तुम्ही झोपा." ते म्हणाले, "नाही, तू झोपायचंस. पण बारा वाजता मी बघितलं आणि ठीक असलं, तर मीही झोपेन." असा व्यवहार ठरला. त्यात भीती कुठे मोडली नाही, आणि ती मोडावी असं मला वाटतही नाही. तिची भीती तिला जिन्यावर मिळालेली आहे आणि ती खरी आहे. घाबरू नकोस असं सांगून तिच्याकडून काढून घेतली असती, तर तिची राखण कोणी केली असती?

उडुपीच्या फलाटावर गाडीची वाट बघताना तिनं वही काढली. नागराज दिसला नव्हता याची तिला खंत होती. साप पानं गोळा करून घरटं बांधतो, असं मी सांगितलं होतं, ते तिला बघायचं होतं. साऱ्या सापांत असं घरटं बांधणारा नागराजच. मादी शरीराच्या वेटोळ्यानं पाचोळा ओढून ढीग करते, त्यात अंडी घालते आणि राखण करत बसते. उन्हाळ्याच्या अखेरीस घरटी होतात, पिल्लं पावसात निघतात, आणि त्याच्या थोडं आधी मादी निघून जाते.

"मग मे महिन्यात येऊ," ती म्हणाली.

"मे महिन्यात गोचिडी असतात ना?" हे तिच्या बाबांनी विचारलं. "आणि तो दोडामार्गातला ताप?"

हो, म्हणून कोरड्या महिन्यांत मी मुलांना आणत नाही. पाऊस नीट लागल्यावर बघू, वनखात्याची परवानगी आणि संशोधकांची सोय असेल तरच. ती वहीत लिहीत होती. मग थांबून म्हणाली, "आणि एवढ्या पावसात अंड्यांत पाणी शिरत नाही?"

शिरत नाही, मी म्हटलं. पानांचे थर असे दाबून बसवलेले असतात की पाणी वरून ओघळून जातं, आतलं कोरडं राहतं.

"तुम्ही बघितलंय?"

मी वाचलंय, ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहून ठेवलंय.

"मग आपण बघू," ती म्हणाली, आणि बाबांनी जूनच्या तारखा विचारायला सुरुवात केली.